शब्द चालवायचा म्हणजे

संस्कृत शिकलेल्या माणसाला ‘राम’ चालवायला सांगा. रामः रामौ रामाः पासून सुरू करून तो एका दमात हे रामाः पर्यंत येतो. पण नुसतं चतुर्थीचं अनेकवचन विचारलं, की मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. हा स्मरणशक्तीचा दोष नव्हे. तक्त्याचा स्वभावच तो : ओळ लक्षात राहते, ओळीतलं एखादं घर राहत नाही. आणि ती रूपं ज्या प्रश्नांची उत्तरं म्हणून घडली, ते प्रश्न तर तक्त्यात नसतातच.

मला विभक्तीची गोडी लागली ती तक्त्यातल्या तुटीमुळे. आठ विभक्त्या आणि तीन वचनं म्हणजे २४ घरं. पण ‘राम’ची वेगवेगळी रूपं मोजली तर ती १७च भरतात. रामाभ्याम् तीन घरांत राहतं, रामेभ्यः दोन घरांत, आणि द्विवचनाच्या आठ घरांचा सगळा कारभार जेमतेम तीन रूपं पाहतात. लॅटिनमध्ये ‘रोसाए’ हे एकच रूप ‘गुलाबाचा’, ‘गुलाबाला’ आणि ‘गुलाब’ (पुष्कळ) अशी कामं करतं, आणि त्यावाचून रोमचं काही अडलं नाही. शिकणाऱ्याला ही तूट म्हणजे सूट वाटते, पाठांतर तेवढंच कमी. मला तिच्यात भाषेचा हिशेब दिसतो. कारण रूपं वाटेल तिथे एकत्र येत नाहीत.

नपुंसकलिंगी नामं घ्या. वनम् ही प्रथमा आणि वनम् हीच द्वितीया. लॅटिनमधला ‘बेल्लुम’ (युद्ध) तसाच, ग्रीकमधला ‘दोरोन’ (भेटवस्तू) तसाच, रशियनमधली ‘अक्नो’ (खिडकी) तशीच. या सगळ्या भाषा ज्यातल्या, त्या इंडो-युरोपीय भाषाकुळात नपुंसकलिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया सारखीच असते. एकवचन घ्या की अनेकवचन, संस्कृत घ्या की रशियन, हा वारसा सगळीकडे पोचला आहे. का बरं? नपुंसकलिंगात पूर्वापार भरणा वस्तूंचा. माणूस वन पाहतो, वन माणसाला पाहत नाही. वाक्यात माणूस आणि वन दोघं असतील तर पाहणारा कोण, हा प्रश्नच पडत नाही. मग तो सोडवायला वेगळं रूप कशाला बाळगायचं?

जिथे गोंधळ होण्यासारखा असेल तिथे खूण ठेवायची, बाकीच्या ठिकाणी हात आखडायचा. विभक्तीचा सगळाच व्यवहार या एका सूत्रात बसतो असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळसा बसतो. आणि तो बसताना पाहण्यासाठी दूर जायला नको. ‘मी पुस्तक पाहिलं’ आणि ‘मी रामाला पाहिलं’. क्रिया तीच, कर्माचं नातंही तेच. मग रामाला ‘ला’ लागला आणि पुस्तक कोरडं राहिलं ते कशानं? राम उलटून मला पाहू शकतो म्हणून. मराठी वैयाकरणांनी द्वितीयेच्या घरात ‘स, ला, ते’ लिहून ठेवलं आणि चतुर्थीच्या घरातही ‘स, ला, ते’च लिहिलं. संस्कृतचं कपाट आणलं की त्याचे सगळे कप्पे भरावे लागतात, त्यातला हा प्रकार. मराठीला आठ विभक्त्या आहेत हे विधान मला कधीच पटलेलं नाही. रूपं मोजली तर त्या आठ भरत नाहीत, अर्थ मोजले तर आठावर थांबत नाहीत. षष्ठीचा ‘चा’ तर विशेषणासारखा पुढच्या नामाच्या तोंडाकडे बघून चा-ची-चे होतो. असो.

‘ला’ची खरी मौज माणूस सजीव असूनही तो गळतो तेव्हा कळते. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कोणीही चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ते अमुक एक डॉक्टर, आत्ता इथे होते ते कुठे गेले? पहिल्या वाक्यात डॉक्टर ही गरज आहे, दुसऱ्यात व्यक्ती. तुर्की भाषेचा मराठीशी कुळाचा काडीचाही संबंध नाही, पण तिथेही नेमकं हेच चालतं. ‘दोक्तोर आरियोरुम’ म्हणजे कोणी तरी डॉक्टर शोधतोय, ‘दोक्तोरू आरियोरुम’ म्हणजे त्या ठरावीक डॉक्टरांना शोधतोय. एका ‘ऊ’चा फरक. तुर्की मात्र खिडकी-पुस्तकालाही, ते ठरावीक असलं तर, ही खूण लावते. मराठी आधी प्राण आहे का ते पाहते.

रशियनमध्ये प्राण आहे का, हे पाहण्याची पद्धत आणखी कडक. पुल्लिंगी एकवचनात ‘टेबल दिसतं’ आणि ‘टेबल पाहतो’ या दोन्हीत ‘स्तोल’ तेच राहतं. पण ‘ब्रात’ (भाऊ) पाहिला की त्याचा ‘ब्राता’ होतो. द्वितीयेला स्वतःचं रूप उरलेलं नाही, म्हणून ती षष्ठीचं रूप उसनं आणते. पण प्राण कोणाला आहे हे व्याकरणाच्या लेखी ठरतं, वैद्याच्या लेखी नाही. ‘त्रूप’ म्हणजे प्रेत, ते निर्जीव. ‘मिर्त्व्येत्स’ म्हणजे मेलेला माणूस, तो मात्र सजीव धरला जातो. समोर पडलेली गोष्ट एकच, पण माणूस म्हणून बोललात तर तिला जिवंतांची विभक्ती लागते. बुद्धिबळातल्या वजिरालाही लागते.

हे उसनं घेणं का सुरू झालं याची कथा फार बोलकी आहे. रशियन ज्यांतली एक, त्या स्लाव भाषांत शब्दांचे शेवट झिजले. संस्कृतात लांडगा वृकः आणि लांडग्याला वृकम् असा विसर्ग आणि म्‌चा भेद शाबूत आहे. स्लाव भाषांत तो पुसला आणि दोन्ही रूपं एक झाली. वस्तूंच्या बाबतीत काही बिघडलं नाही. माणसांच्या बाबतीत बिघडलं : कोणी कोणाला मारलं? मग भाषेनं शेजारच्या षष्ठीचं रूप उचलून द्वितीयेत बसवलं, आधी माणसांसाठी आणि पुढे प्राण्यांसाठीही. या कथेचा पडताळा लिथुएनियनमध्ये मिळतो. तिथे ‘विल्कास’ (लांडगा) मधला शेवटचा स टिकला, द्वितीया त्याहून वेगळी राहिली, आणि म्हणून तिथे सजीव-निर्जीव हा नियम उगवलाच नाही. दुखणं नाही तिथे औषधही नाही.

आपल्याकडेही हेच घडलं. प्राकृतानंतरच्या अपभ्रंश भाषेपर्यंत येता येता देवः आणि देवम् या दोघांचं ‘देउ’ झालं. प्रथमा आणि द्वितीया एकमेकींत मिसळल्या. ज्ञानेश्वरीच्या काळात मग ‘तें’ आणि ‘सि’ हे प्रत्यय दिसतात, पुढे ‘ला’. मराठी आणि रशियन एकाच कुळातल्या असल्या तरी हजारो वर्षं एकमेकींपासून दूर. दोघींचे शेवट आपापल्या घरी झिजले आणि दोघींनी माणसासाठी नवी खूण शोधली, पुस्तकासाठी शोधली नाही. मला हे वाचताना कोणीतरी आखून दिल्यासारखं वाटतं, पण आखलं कोणीच नाही. रोजच्या बोलण्यात समोरच्याला ‘कोण? कोणाला?’ असं विचारावं लागलं, त्यातून हे आलं.

आता कर्त्याची बाजू. ‘तिने चिठ्ठी लिहिली’, ‘त्यांनी चिठ्ठी लिहिली’, पण ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘तू चिठ्ठी लिहिलीस’. मला आणि तुला ‘ने’ लागत नाही. पूर्वी वेगळं रूप होतं : जुन्या मराठीत ‘म्यां’ आणि ‘त्वां’ होते, म्हणजे तृतीयेची खूण सगळ्यांना समान होती. ती गळाली कुठे? नेमकी बोलणाऱ्यावरची आणि ऐकणाऱ्यावरची. कारण मी आणि तू वाक्यात आलो की बहुधा करणारे म्हणूनच येतो. ते सांगण्यासाठी वेगळी निशाणी नको. चिठ्ठीनं मला लिहिण्याचा संभव नाही.

हे मराठीचंच वैशिष्ट्य असतं तर मी ते योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमध्ये डिर्बल नावाची भाषा आहे. तिचं व्याकरण भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या भाषेत सकर्मक क्रियेच्या कर्त्याला प्रत्यय लागतो, पण तो नामांना. ‘मी’ आणि ‘तू’ मोकळे. मायकेल सिल्व्हरस्टीन या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये अशा भाषांची उतरंड मांडली : वर मी-तू, मग तो-ती, मग माणसांची नावं, प्राणी, आणि तळाशी वस्तू. जो जितका वर, त्याला कर्ता म्हणून खूण लागण्याची शक्यता तितकी कमी आणि कर्म म्हणून लागण्याची तितकी जास्त. मराठी या उतरंडीत अलगद बसते. ‘मी’ला ‘ने’ नाही पण ‘मला’ आहेच. पुस्तकाला ‘ला’ नाही, पण ‘वाऱ्याने दार लोटलं’ यात वाऱ्याला ‘ने’ चुकत नाही.

या सगळ्याच्या मागचं तत्त्व पाणिनीनं एका शब्दात सांगून ठेवलं आहे : अनभिहिते. द्वितीयेपासूनच्या विभक्त्या सांगायला सुरुवात करण्यापूर्वी तो हे सूत्र ठेवतो. अर्थ असा, की जे आधीच सांगितलं गेलेलं नाही ते सांगायला विभक्ती. ‘रामः वनं पश्यति’ यात पश्यतिमधला ‘ति’च कर्ता सांगून मोकळा होतो. म्हणून रामाला कर्तेपणाची विभक्ती लागत नाही, नुसती प्रथमा लागते, म्हणजे नाव तेवढं. कर्म सांगायचं राहिलं, म्हणून वनाला द्वितीया. आता वाक्य फिरवा : ‘रामेण वनं दृश्यते’. क्रियापदानं या वेळी कर्म सांगितलं. वन प्रथमेत गेलं आणि कर्ता उघडा पडला, म्हणून त्याला तृतीया. ‘प्रथमा म्हणजे कर्ता’ ही शाळकरी व्याख्या इथेच ढासळते. पाणिनीच्या लेखी कारकं वेगळी आणि विभक्त्या वेगळ्या. कारकं सहा, क्रियेशी नामाची नाती. विभक्त्या म्हणजे त्या नात्यांचे आवाज, तेही गरज असेल तरच. षष्ठीला तर तो कारकांत घेतच नाही. ‘षष्ठी शेषे’, जे उरलं त्याला षष्ठी. इतकं निवांत सूत्र त्या ग्रंथात क्वचित सापडेल.

जर्मन शिकणारे तिथल्या विशेषणांच्या शेवटांना फार वैतागतात. त्यांना कोणी ‘अनभिहिते’ सांगत नाही म्हणून. ‘देर आल्टे मान’ म्हणजे तो म्हातारा माणूस. ‘आइन आल्टर मान’ म्हणजे एक म्हातारा माणूस. पुल्लिंगी प्रथमेची खूण म्हणजे तो ‘र’. ‘देर’नं तो सांगितला की विशेषण गप्प बसतं. ‘आइन’नं नाही सांगितला, तर विशेषणाला बोलावं लागतं. एकदाच सांगायचं, पण कोणीतरी सांगायचं. इतर विभक्त्यांत हा हिशेब इतका स्वच्छ राहत नाही, तरी मूळ चाल हीच.

आणि या काटकसरीच्या अगदी विरुद्ध वागणाऱ्या भाषाही आहेत, नव्हे, त्याच भाषा तसंही वागतात. ‘विशालस्य वृक्षस्य’ मध्ये षष्ठी दोनदा सांगितली आहे. पाच विशेषणं लावा, सहा वेळा सांगितली जाईल. ही उधळपट्टी खरी, पण तिचा मोबदला शब्दांच्या स्वातंत्र्यात मिळतो. विशेषण ओळीच्या सुरुवातीला आणि नाम ओळीच्या शेवटी असलं तरी संस्कृत कवीच्या किंवा लॅटिन कवीच्या वाचकाला जोडी लागते. मराठीत विशेषणाकडे एवढा ऐवज उरला नाही. ‘मोठ्या झाडाला’मध्ये ‘मोठ्या’ एवढंच सांगतो की पुढे काहीतरी सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय घेण्यासाठी बदललेल्या रूपात, येतंय. काय येतंय ते सांगत नाही. म्हणून तो झाडाला चिकटून बसतो.

विभक्ती नुसती शंका निवारते असंही नाही. ती बाजूही घेते. ‘मला थंडी वाजते’, ‘मला आठवतं’, ‘मला कळलं’. अनुभवणारा मी असून कर्तेपण माझ्याकडे नाही. रशियन माणूस ‘म्न्ये खोलद्ना’ म्हणतो, जर्मन ‘मीर इस्ट काल्ट’, रोमन माणूस ‘मिही प्लाकेत’ (मला आवडतं) म्हणायचा. सगळीकडे चतुर्थी. पाणिनीनं आवडण्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं, ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ : आवडणे या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला आवडतं तो संप्रदान, म्हणजे जणू देणगी घेणारा. आवड ही आपण करायची गोष्ट नाही, ती आपल्याकडे येते. मराठीला ही दृष्टी इतकी जवळची की जबाबदारी किती घ्यायची हेसुद्धा विभक्तीनं ठरवता येतं. ‘मी रागावलो’ यात राग माझा. ‘मला राग आला’ यात तो बाहेरून आला. ‘मी कप फोडला’ आणि ‘माझ्या हातून कप फुटला’ यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळतो. ‘हातून’ ही पंचमी आहे हे कळण्याची त्यासाठी गरज नाही.

पंचमीचाच विषय निघाला तर पुन्हा लांडग्याकडे. भीतीचं कारण पंचमीत ठेवा, असं पाणिनी सांगतो : भीत्रार्थानां भयहेतुः. वृकाद् बिभेमि, मी लांडग्याला भितो. लिथुएनियन माणूस हेच ‘बियाऊ विल्को’ असं म्हणतो आणि रशियन ‘बायूस वोल्का’. व्याकरणाच्या पुस्तकात विल्को आणि वोल्का यांना षष्ठी म्हणतात. पण त्यांचे शेवट मुळात जुन्या पंचमीचे आहेत, वृकात् मधल्या ‘आत्’चे सख्खे भाऊ. त्या भाषांत पंचमी आणि षष्ठी एक झाल्या आणि रूप पंचमीचं राहिलं. भी हा धातू तोच, वृक तोच, विभक्तीही तीच. तीन भाषांत एवढ्या अंतरावर एवढं जुळलेलं वाक्य पाहून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. आणि रशियनमध्ये ‘लांडगा पाहतो’ यातही ‘वोल्का’च येतो, पण तो वर सांगितलेल्या उसनवारीच्या वाटेनं आलेला. मराठीनं भीतीचा पंचमीशी संबंध तोडला. आपण लांडग्याला घाबरतो, ‘ला’ लावून.

रूपं झिजतात याचं दुःख करणारे लोक ती जन्मतात हे विसरतात. हंगेरीत तिहान्यच्या मठाची १०५५ सालची स्थापना-सनद आहे. मजकूर लॅटिन, पण मधे मधे हंगेरियन शब्द. त्यात ‘फेहेरुवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ’ अशी ओळ येते, अर्थ ‘फेहेरवारला जाणाऱ्या सैनिकी रस्त्यावर’. यातला ‘रेआ’ त्या वेळी स्वतंत्र शब्द होता. आज तो ‘रा’ किंवा ‘रे’ असा विभक्तिप्रत्यय आहे, आधीच्या शब्दातला स्वर पाहून बदलणारा. हंगेरियनच्या दीड डझनांच्या आसपास मोजल्या जाणाऱ्या विभक्त्यांपैकी निदान या एकीच्या जन्माचा कागद उपलब्ध आहे.

मराठीतला ‘मध्ये’ याच वाटेवर आहे. ‘घरामध्ये’ म्हणताना आपण एक शब्दयोगी अव्यय जोडतो, पण मध्ये हीच मुळात ‘मध्य’ची सप्तमी. म्हणजे जुनी विभक्ती पोटात घेऊन शब्द स्वतः नव्या विभक्तीच्या रांगेत उभा आहे. आणि तो जोडला जातो कशाला? ‘घरा-’ला, सामान्यरूपाला. हे सामान्यरूप संस्कृत-प्राकृतातल्या षष्ठीचा झिजून उरलेला भाग आहे, असं अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. प्राकृतात चतुर्थीचं कामही षष्ठीनं बळकावलं होतं, तिचा व्याप मोठा होता. अर्थ गेला, आवाज उरला, आणि त्या आवाजाची खुंटी झाली. तिला ला, ने, त, वर, खाली, साठी, काहीही टांगा. माणूस-माणसा, गहू-गव्हा, विंचू-विंचवा, जाऊ-जावे : सामान्यरूपाच्या या कोलांट्या परभाषिकाला जीव नकोसा करतात, आणि आपल्याला त्या आहेत हेसुद्धा कोणी विचारल्याशिवाय जाणवत नाही.

अलीकडे ही खुंटी एका जागी सैल झाली आहे. आधीच्या पिढ्या ‘वसंताने’, ‘गोविंदाला’ म्हणत. आता ‘रोहितने’, ‘सचिनला’ म्हणतात, वसंतालाही ‘वसंतने’ म्हणणारे आहेत. भाषा बिघडली म्हणून पत्रं लिहिणाऱ्यांना हा विषय फार आवडतो. मला त्यात तोच जुना हिशेब दिसतो. ‘घराला’ आणि ‘घरांना’ यांत सामान्यरूपाचा ‘आ’ कामाचा आहे. अनुस्वार त्याच्याच डोक्यावर बसतो, त्याच्याशिवाय एक घर की अनेक हे सांगायला जागा नाही. म्हणून ‘घरला’, ‘झाडने’ असं प्रमाण मराठीत कोणी म्हणत नाही. रोहित मात्र एकच असतो. त्याचं अनेकवचन करायची वेळ येत नाही, तर ‘आ’ बेकार झाला आणि गळाला. पण त्याच रोहितबद्दल आदरानं बोलायचं असेल, तर मराठीत आदर म्हणजे अनेकवचन. मग ‘रोहितरावांनी’ म्हणावं लागतं, आणि तिथे तो ‘आ’ अनुस्वारासकट आपल्या जागी हजर असतो. ‘रोहितरावने’ असं मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.